कर्ता नसलेली वाक्यं

“नाही गं ताई, ती मला काहीच म्हणत नाही.”

हे माझा नवरा फोनवर बोलत होता. अंजनेरीच्या पायथ्याशी एक बाई सरबताचं दुकान लावून बसली होती. दुकान म्हणजे चार बांबू आणि त्यांवर ताणलेली हिरवी शेडनेट. नेटच्या पलीकडे एका दगडावर बसून तो बुटांच्या लेस बांधत होता आणि फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवला होता. अलीकडे मी माठातून बाटली भरत होते. मी कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं.

“काहीच म्हणजे?” सटाण्याहून ताईंचा आवाज आला. ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. “भांडलात का?”

“भांडण झालं असतं तर काहीतरी म्हणाली असती ना! नावानं नाही, अहो नाही, अरे नाही. काहीच नाही. मी घरातला फ्रिज आहे, ताई. दार उघडायचं, हवं ते घ्यायचं, दार लावायचं. फ्रिजला कोणी हाक मारतं का?”

“मुकी शे का ती?” ताई हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, “का रे, तू आवडत नसशील तिला?”

तो लगेच हसेल असं मला वाटलं. पण पलीकडून फक्त लेस करकचून ओढल्याचा आवाज आला.

“तेच वाटतं कधी कधी,” तो म्हणाला.

“मग विचार की आज. डोंगरावर कुठं पळून जाईल?”

माझी बाटली केव्हाच भरली होती आणि पाणी माझ्या नव्या बुटांत चाललं होतं.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, मला तो आवडत होता. चांगलाच आवडत होता. विनोद सांगायच्या आधी तो स्वतःच हसायला लागतो, मग त्याला विनोद सांगताच येत नाही, आणि ऐकणारे उगाच हसतात, ते आवडत होतं. लग्नसमारंभात कोणी ओळखीचं नसलं की मी भिंतीला टेकून उभी राहते, तेव्हा तो दोन ताटल्या घेऊन त्याच भिंतीला टेकायचा आणि काही न बोलता जेवायचा, ते तर फारच. आणि मी इथे सरळ ‘तो’ लिहिते आहे. लिहिताना त्याचं काही वाटत नाही, कारण लिहिताना माणूस समोर नसतो. समोर असला की माझी पंचाईत होते.

पंचाईत अशी. त्याचं नाव आणि माझ्या आजोबांचं नाव एकच आहे. आजोबा म्हणजे आईचे सासरे, आणि आईनं सासऱ्यांचं नाव आयुष्यात कधी तोंडातून काढलेलं नाही. आई शिक्षिका आहे. एका वर्षी तिच्या वर्गात त्या नावाचा मुलगा आला, तर हजेरी घेताना ती बाकी सगळ्यांना नावानं बोलवायची आणि त्याला आडनावानं. त्या पोराला वर्षभर वाटत होतं की बाईंचा आपल्यावर राग आहे. माझ्यासाठी हे स्थळ आलं तेव्हा आईनं कागद खालीवर वाचला, मुलगा शिकलेला, पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये नोकरी, घरची देवळ्याला शेती, सगळं पसंत पडलं आणि मग ती म्हणाली, “बाकी उत्तम आहे. पण हाक कशी मारायची?” आईनं आपला प्रश्न ‘जावईबापू’ म्हणून सोडवला. माझा तसाच राहिला.

उखाण्यात नाव घेतलं होतं, नाही असं नाही. पण ते घोकून, मान खाली घालून आणि पुढे ‘राव’ लावून. उखाण्यातलं नाव ऐकून कोणी वळून बघत नाही. त्याला हाक म्हणता येणार नाही.

मग ‘अहो’? ‘अहो’ म्हणायला मी तोंड उघडलं की आतून आईच बोलणार असं वाटायचं. माझ्या शाळेतल्या मैत्रिणी नवऱ्याला नावानं, टोपणनावानं आणि काही तर खाद्यपदार्थांच्या नावानं हाक मारतात. त्यांच्यासमोर ‘अहो’ म्हणजे कायमची चेष्टा. आणि ‘अरे’? लग्नानंतरचा पहिला महिना सासूबाई आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर होत्या. सासूबाईंसमोर त्यांच्या मुलाला पहिल्याच आठवड्यात अरेतुरे करायला जी छाती लागते ती माझ्याकडे नाही. मी दुकानदारालाही “एक्स्क्यूज मी” म्हणते आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघतो. म्हणून ठरवलं, सासूबाई गेल्या की बघू. सासूबाई गेल्या. मग ठरवलं, सोमवारपासून.

इंग्रजीत बोलले असते तर सगळंच सोपं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकले. नोकरीही घरी बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं द्यायची. तिथे सगळे ‘डिअर कस्टमर’. चिडलेले आजोबा असोत की पोरगेलं कोणी, सगळ्यांना एकच ‘यू’. पण साखरपुड्याच्या दिवशीच तो म्हणाला होता, “घरी मराठीतच बोलू या ना. माझं इंग्रजी द्राक्षांपुरतं आहे. इंग्रजीत तुझं कौतुक करायचं म्हटलं तर साइज, कलर आणि शुगर एवढंच येतं मला.” आणि हे सांगायच्या आधीच इतका हसला की मला ते तिसऱ्या वेळेला कळलं. नाही कसं म्हणणार?

तर मी मराठीत बोलायला लागले, कर्ता गाळून.

“चहा ठेवलाय.” “जेवायचं का?” “आज उशीर होणार आहे का?” “टॉवेल हवा होता का?” “चावी कुठे ठेवली गेली?” बघा, कुठे ‘तू’ नाही, कुठे ‘तुम्ही’ नाही. शाळेत मराठी ही माझी तिसरी भाषा. कर्मणी आणि भावे प्रयोगाचे माझे मार्क नेहमी गेले. लग्नानंतर महिन्याभरात दोन्ही प्रयोग असे जमले की परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतील. दुसऱ्या खोलीतून बोलवायचं असेल तर आधी खोकायचं, मग किल्ल्या वाजवायच्या, तरी नाही आला तर मिक्सर लावायचा. मिक्सर लावला की तो “काय करतेस?” म्हणून येतोच. आम्ही त्या उन्हाळ्यात घरी भरपूर चटण्या खाल्ल्या.

मला वाटत होतं हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

नेटपलीकडून तो उठला, फोन खिशात टाकला आणि मागे न बघता चालायला लागला. वीसेक पावलं गेला असेल, तेवढ्यात सरबतवाली बाई मला म्हणाली, “ताई, तुमच्या मालकांची टोपी ऱ्हायली. हाक मारा ना.”

दगडावर त्याची टोपी होती. मी खोकले.

“खोकला हाय का? मग लिंबू नका घेऊ,” ती म्हणाली.

मी किल्ल्या वाजवल्या. मोकळ्या डोंगरात किल्ल्यांचं काय चालणार! बाईनं माझ्याकडे पाहिलं, किल्ल्यांकडे पाहिलं, आणि तोंडाला हात लावून ओरडली, “ओ दाजीऽऽ! टोपी!”

तो ताबडतोब वळला. तिची नि आमची ओळख एका सरबताची. तेवढ्यात तिनं मला बहीण केलं, त्याला बहिणीचा नवरा केलं आणि हाक मारून मोकळीही झाली.

टोपी घ्यायला तो परत आला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. ताईंशी बोलून आलेला माणूस असा चेहरा त्यानं कसोशीनं लपवला होता. आणि आपण ऐकलेलं आहे हे मी लपवत होते. आम्ही दोघं फार सभ्यपणे चढायला लागलो.

मे महिना, म्हणून पहाटेच निघालो होतो, तरी खिंडीतल्या पायऱ्या लागेपर्यंत दगड तापायला लागले होते. करवंदाच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. तो पुढे, मी मागे. मी प्रत्येक पायरीला ठरवत होते, ह्या पुढच्या वळणावर. वळण आलं की वाटायचं, आधी दम खाऊ. दम लागलेला असताना पहिली हाक मारली तर ती कण्हल्यासारखी वाटेल.

आमच्या थोडं मागे एक काका-काकू चढत होते. काकूंच्या हातात काठी, काकांच्या हातात काकूंची पर्स. काकू दर चार पायऱ्यांनी म्हणायच्या, “अहो, हळू! अहो, ऐका ना! अहो, पाणी!” पहिल्यांदा त्यांनी “अहोऽ” केलं तेव्हा त्या पायऱ्यांवर जेवढे म्हणून नवरे होते तेवढे सगळे वळले. खरंच. काका वळले, वरून उतरणारे एक गृहस्थ थांबले, आणि माझा नवराही वळला. वळताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मला लाज वाटली. मग त्याला काकू दिसल्या. तो घाईघाईनं टोपी नीट करायला लागला, जणू त्यासाठीच वळला होता.

त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं. पण मी म्हणाले, “पाणी प्यायचंय का?”

“नको,” तो म्हणाला. “प्यायलं गेलंय.”

तो माझ्याच व्याकरणात बोलला होता. पुढच्या साऱ्या पायऱ्या मी तेच मनात घोळवत चढले.

वर पठारावर वारा होता. अंजनीमातेच्या देवळापाशी जरा टेकलो, मग तिथून पुढे एका झाडाखाली डबा उघडायचं ठरलं. काका-काकूही मागून आले आणि शेजारच्या सावलीत पसरले. मी चपात्या, बटाट्याची भाजी आणि कैरीचा तक्कू आणला होता. तक्कू सासूबाईंकडून शिकलेला, त्याचा जीव की प्राण. मी पिशवीतून तक्कूची डबी काढली आणि बाजूला ठेवली, तेवढ्यात एक लाल तोंडाचं माकड आलं. धावत वगैरे नाही, आपल्याच घरातून आल्यासारखं आलं, आणि पिशवीला हात घातला. ज्या डोंगरावर मारुतीचा जन्म झाला म्हणतात तिथे माकडाला कोणी हटकत नाही, हे त्याला पुरतं माहीत होतं.

“ए!” मी ओरडले. “ए, सोड! सोड म्हणते ना तुला! ठेव खाली! लाज नाही वाटत?”

एवढा मोठा आवाज माझ्यात होता हे मला माहीत नव्हतं. माकडालाही अपेक्षित नसावं. त्यानं पिशवी टाकली, एक चपाती मात्र ठेवून घेतली, आणि फांदीवर बसून ती माझ्याकडे बघत खाल्ली. काकूंनी लांबून “शाब्बास!” म्हटलं.

नवरा हातातला घास तसाच धरून माझ्याकडे बघत होता.

“पहिल्या भेटीत ए,” तो म्हणाला. “लगेच अरेतुरे. लाजबिजही काढली.”

“चपाती नेली,” मी म्हणाले.

“मी नेली असती तर काय म्हणाली असतीस?”

मी डबीचं झाकण लावलं. ते आधीच लागलेलं होतं. तो हसला, पण विनोदाच्या आधी हसतो तसा नाही. नंतर हसतात तसा, सगळे हसतात तसा. मग घास खाली ठेवून म्हणाला, “एक विचारू?”

आलं. ताईंचा प्रश्न आला.

“मी आवडतो ना तुला?”

आता हे उत्तर मराठीत देण्याची अडचण समजून घ्या. इंग्रजीत तीन शब्दांत काम होतं आणि त्यातला तिसरा शब्द कलेक्टरलाही चालतो आणि मांजरालाही. मराठीत ‘आवडतोस’ म्हटलं की समोरचा तू झाला. ‘आवडता’ म्हटलं की तुम्ही. कर्ता गाळला तरी क्रियापद चुगली करतं. इतके महिने ज्या भाषेनं मला लपायला जागा दिली तिनं ऐन वेळी दार लावून घेतलं.

“आवडतं,” मी म्हणाले.

“काय आवडतं?”

“हेच. सगळं.”

“सगळं म्हणजे डोंगर?”

“डोंगरपण.”

त्यानं तक्कू घेतला नव्हता. मग डबे बंद केले, माझी बाटली स्वतःच्या पाठपिशवीत टाकली आणि म्हणाला, “चल, ऊन चढायच्या आत उतरू.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावर मला खूप उत्तरं येतात, माझी नोकरीच ती आहे. हा आवाज फ्रिजचा होता. घरघर करणारा, थंड, आणि कोणाला त्रास न देणारा.

तो चालायला लागला. मी बुटातला खडा काढायला थांबले. खडा खरंच होता, पण तो पायथ्यापासून होता. मी उगाच आता काढत होते.

डोकं वर केलं तर तो बराच पुढे गेला होता आणि चुकीच्या वाटेनं चालला होता.

येताना मी बघून ठेवलं होतं. बोलत नसलं की माणूस बघतो. पठारावर एके ठिकाणी वाट फुटते. आपली वाट चुना लावलेल्या दगडाच्या डावीकडून जाते. उजवीकडची गुरांची आहे. ती थोडी पुढे जाते आणि वाळक्या गवतात कड्याच्या दिशेनं उतरते. वाळकं गवत तेलासारखं निसरडं असतं. तो उजवीकडे चालला होता, मान खाली घालून, ज्याला कोणी हाक मारणार नाही अशा माणसासारखा.

मी खोकले. वारा माझ्या तोंडावर येत होता. खोकला माझ्याच मागे गेला.

किल्ल्या वाजवल्या. मग फोन काढला, मेसेज लिहिला, ‘राँग वे’, आणि पाठवला. तो गेला नाही. रेंज नव्हती. मिक्सर घरी होता. मी टाळ्या वाजवल्या. झाडावरच्या माकडानं माझ्याकडे आस्थेनं पाहिलं.

तो आणखी पुढे गेला. गवत त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं. त्याचा एक पाय जरासा घसरला, त्यानं हात पसरले, सावरला, आणि पुन्हा पुढेच.

काय ओरडायचं ते ठरलेलं नव्हतं. पोटातून जे वर येत होतं त्याला मी वाट दिली एवढंच. आधी आई आली, मग माकडावर ओरडलेली मी आले.

“अहोऽऽ! ए! थांब! तुम्ही चुकलास!”

शेजारच्या सावलीतले काका ताडकन उठून उभे राहिले.

“तुम्हाला नाही हो,” काकू म्हणाल्या. “बसा.”

तिकडे गवतात नवरा थांबला होता. तो हळूच वळला, आधी अर्धा, खात्री नसल्यासारखा. पायऱ्यांवर एकदा फसला होता ना. त्यानं आजूबाजूला पाहिलं. गवतात त्याच्याशिवाय कोणीही नवरा नव्हता. मग त्यानं कानामागे हात धरला.

“काऽय?”

“चुकलास! रस्ता!”

“कोण चुकलं?”

त्याला ऐकू गेलं होतं. एवढ्या लांबून मला त्याचे दात दिसत होते. तो हसायला लागला होता, आणि विनोद अजून झालाच नव्हता. तो तसाच, कड्याकडे पाठ करून, हात पसरून उभा राहिला आणि ओरडला, “कोण ते कळल्याशिवाय मी हलणार नाही!”

काकूंनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि माझ्याकडे तोंड करून नीट बसल्या. काका अजून उभेच होते. माकडानं चपाती संपवली होती आणि तेही थांबलं होतं. एवढ्या लोकांसमोर मी शाळेच्या स्टेजवरसुद्धा कधी बोलले नव्हते. माझ्या पायात ओला बूट होता, हातात किल्ल्या होत्या, आणि ज्या वाक्यातून मी सकाळपासून, खरं तर दिवाळीनंतर लग्न झालं तेव्हापासून पळत होते, ते वाक्य आता सबंध, कर्त्यासकट, म्हणायचं होतं. ‘तू’ की ‘तुम्ही’ हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. म्हणून मी दोन्ही घेतली, श्वास भरला, आणि सगळ्या पठाराला ऐकू जाईल अशी ओरडले:

“अहो, तू मला आवडतोस, पण वाट इकडे आहे!”